पाहणी उन्हाळ्यात, पडझड पावसाळ्यात : मुंबईतील घरतपासणीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

१/
२७ सप्टेंबर २०१३ : डॉकयार्ड रोडजवळील बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली, ६१ मृत्यू. ३१ ऑगस्ट २०१७ : भेंडीबाजारातील हुसैनी इमारत, ३३ मृत्यू. १६ जुलै २०१९ : डोंगरीतील केसरबाई इमारत, १३ मृत्यू. तिन्ही तारखा पावसाळ्यातल्या. याच शहरात दरवर्षी पावसाळ्यापूर्वी जुन्या इमारतींची सरकारी पाहणी होते आणि अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर केली जाते. मग पाहणीचा हंगाम आणि पडझडीचा हंगाम यांच्यामध्ये नेमके काय निसटते? #इतिहास #मुंबई #धागा

२/
घर तपासणे हे वरवर पाहता ऋतुनिरपेक्ष काम वाटते. भिंत तीच, छप्पर तेच, पाहणारा तोच. प्रत्यक्षात मात्र तपासनीसाला काय दिसावे आणि काय दिसू नये, हे बऱ्याच अंशी हवामान ठरवते. मुंबईच्या इतिहासात घराघरांत शिरून पाहणी करण्याचे दोन मोठे प्रयोग झाले. पहिला प्लेगच्या काळात, १८९६ नंतर. दुसरा जीर्ण इमारतींसाठी, १९६९ नंतर. दोन्ही वेळा ऋतूने तपासनीसाला चकवले. पहिल्या वेळी तो चकवा ओळखायला दहा वर्षे लागली.

३/
सप्टेंबर १८९६. मांडवी भागातील काही तापाच्या रुग्णांच्या जांघेत व काखेत गाठी आढळल्या. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा ग्रंथिज्वर, म्हणजेच प्लेग असल्याचे निदान केले. १८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. बंदराला लागून असलेल्या मांडवीत धान्याच्या वखारी आणि दाट वस्तीच्या चाळी एकमेकींना खेटून उभ्या होत्या. रोग दाखल झाला तेव्हा पावसाळा सरत होता. पुढचा हिवाळा मुंबईच्या आठवणीत कायमचा राहणार होता.

४/
रोग कसा पसरतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. रोगजंतूचा शोध १८९४ मध्ये हाँगकाँगला लागला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोडेच होते. अधिकाऱ्यांचा संशय घरावर होता. ओल, काळोख, कोंदट हवा, तुंबलेली गटारे यांतच विष साठते, अशी समजूत होती. म्हणून उपायही घरावरच झाले. महापालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. वीअर यांच्या देखरेखीखाली गटारे धुतली गेली, कार्बोलिक आम्ल ओतले गेले, भिंतींना चुना फासला गेला.

५/
४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईसाठी प्लेग समिती नेमली गेली. पथके गल्ली रोखून घराघरांत जाऊ लागली. रुग्णांना इस्पितळात आणि सहवासितांना विलगीकरण छावणीत नेले जाऊ लागले. जी घरे राहण्यास अयोग्य ठरली, त्यांच्या दारांवर ‘यू.एच.एच.’ ही अक्षरे रंगवली गेली. अर्थ होता : मानवी वास्तव्यास अयोग्य. एका भेटीत आणि तीन अक्षरांत कुटुंबाचा निवारा निकाली निघत असे.

६/
या पाहणीतील एक कृती पुढे फार महत्त्वाची ठरते. पथके संशयित घरांच्या छपरांवरील कौले उतरवत, जेणेकरून आतल्या अंधाऱ्या खोलीत ऊन व वारा शिरावा. कोरड्या ऋतूतच करता येण्याजोगा हा उपाय. जूनमध्ये असे केले असते तर घर आतून वाहून गेले असते. सूर्यप्रकाश जंतुनाशक आहे, हे या कृतीमागचे तर्कशास्त्र. घरातील माणसांच्या वाट्याला मात्र आले ते उघडे आभाळ आणि अंगणात फेकलेला संसार.

७/
पुण्यात ही मोहीम वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे सोपवली गेली. १८९७ च्या मार्च ते मे या महिन्यांत गोऱ्या सैनिकांची पथके वाड्यांत शिरली. देवघर, माजघर, स्वयंपाकघर असा भेद त्यांनी मानला नाही. याच साथीत रुग्णसेवा करताना १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. मेच्या उत्तरार्धात साथ ओसरली आणि झडत्या थांबल्या. संताप मात्र थांबला नाही. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. पुढच्याच महिन्यात टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला.

८/
हा प्रसंग सर्वपरिचित आहे. कमी परिचित आहे ती त्यामागील हवामानाची बाजू. मुंबईत १८९७ च्या फेब्रुवारीत मृत्यूंचा आकडा शिगेला पोहोचला आणि उन्हाळा चढत गेला तसतसा तो उतरत गेला. गेटेकर समिती नेमली गेली तीच मुळी उतार सुरू झाल्यानंतर. झडत्या चालू असताना रोग कमी होत होता. त्यामुळे झडत्यांमुळेच तो कमी होत आहे, असे वाटणे स्वाभाविक होते. दोन गोष्टी एका वेळी घडल्या आणि एकीला कारण, दुसरीला परिणाम मानले गेले.

९/
पुढच्या हिवाळ्याने हा निष्कर्ष खोटा ठरवला. घरे धुऊन झाली होती, चुना फासून झाला होता, कौले उतरवून झाली होती. तरीही १८९७-९८ मध्ये मुंबईत प्लेग परतला आणि पहिल्यापेक्षा अधिक बळी घेऊन गेला. ९ मार्च १८९८ रोजी प्लेगच्या पथकाने एका जुलाहा कुटुंबातील आजारी मुलीला नेण्याचा प्रयत्न केला आणि शहरात दंगल उसळली. त्यानंतर सरकारला सक्तीच्या झडतीचे धोरण सौम्य करावे लागले. लोकांचा विरोध जेवढा निर्णायक ठरला, तेवढेच पाहणीचे अपयशही.

१०/
पुण्याचे वेळापत्रक मुंबईपेक्षा वेगळे होते. तिथे प्लेगने १८९७ च्या पावसाळ्यानंतर पुन्हा जोर धरला. दोन शहरांमधील अंतर शे-दीडशे किलोमीटरांचे, कायदा एकच, पाहणीची पद्धतही जवळपास एकच. पण साथीचा भर मात्र वेगवेगळ्या महिन्यांत. रोग जर केवळ घाणीतून उपजत असेल, तर घाण काही महिने बदलून येत नाही. ऋतूप्रमाणे बदलणारे आणि तरीही घराच्या आतच राहणारे असे काहीतरी तपासनीसांच्या नजरेतून सुटत होते.

११/
१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने प्रयोगाने दाखवून दिले की, प्लेग एका उंदराकडून दुसऱ्याकडे पिसवांमार्फत जातो. त्या काळी अनेकांनी हा निष्कर्ष स्वीकारला नाही. पुढे १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न नव्याने हाती घेतला. हीच प्रयोगशाळा आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. ग्लेन लिस्टन हे या कामातील प्रमुख संशोधकांपैकी एक होते.

१२/
आयोगाने केलेला एक प्रयोग घरतपासणीच्या इतिहासात अनोखा आहे. त्यांनी चाळीतील खोलीसारख्या सहा छोट्या खोल्या बांधल्या. दोन खोल्यांवर साधी देशी कौले, दोन खोल्यांवर सपाट मंगळुरी कौले आणि दोन खोल्यांवर पन्हळी पत्रे. छताखाली तारेची जाळी ठोकली, म्हणजे उंदीर खाली उतरू शकणार नाहीत. पिसवा मात्र पडू शकतील. खाली गिनिपिग ठेवले. कौलांत उंदरांनी वस्ती केली, पिसवा खाली पडल्या आणि गिनिपिगांना प्लेग झाला. पत्र्याखालच्या खोल्यांत उंदीर नाहीत, पिसवा नाहीत, प्लेगही नाही.

१३/
संशोधकांनी प्लेगग्रस्त घरांतही गिनिपिग सोडले. काही वेळाने ते पकडून त्यांच्या अंगावरील पिसवा मोजल्या जात. सैनिक, डॉक्टर, स्वयंसेवक यांच्या नजरेला जे दिसले नव्हते, ते या लहानशा प्राण्याच्या केसांत सापडले. ऋतूचे कोडेही याच कामातून सुटले. उष्मा वाढला आणि हवा कोरडी झाली की, पिसवांची संख्या घटते. शिवाय उष्ण हवेत पिसवेच्या पोटातील जंतू लवकर नाहीसे होतात. मुंबईत मे महिन्यात प्लेग ओसरे, तो यामुळे.

१४/
आता १८९७ ची पाहणी पुन्हा आठवून पाहावी. ज्या कौलांमधून ऊन आत यावे म्हणून ती उतरवली गेली, त्याच कौलांत उंदरांची घरे होती. कृती अगदीच व्यर्थ नव्हती. कारणमीमांसा चुकीची होती. आणि कारण चुकले की, चांगली कृतीही चुकीच्या घरी, चुकीच्या महिन्यात केली जाते. रोगाची बीजे पावसाळ्यानंतर वखारींच्या अंधारात रुजत होती. पथके मार्चमध्ये माणसांच्या काखा तपासत होती.

१५/
प्लेगचे एक टिकाऊ फलित म्हणजे १८९८ मध्ये स्थापन झालेला मुंबई नगर सुधार न्यास. घरांची तपासणी आता उजेडाच्या मापाने होऊ लागली. न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम पुढे मांडला. समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मे तरी मोकळे अंतर खोलीसमोर असावे, असा त्याचा साधारण अर्थ. आरोग्याचा विचार ऊन आणि वारा यांच्याभोवती फिरत होता. पाऊस या विचारात दुय्यम होता. पुढील अर्ध्या शतकात तोच मुख्य पात्र बनला.

१६/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी, डोंगरी, परळ या भागांत ज्या चाळी उभ्या राहिल्या, त्यांतील पुष्कळांचा सांगाडा सागवानी होता. लाकडी खांब, त्यांवर तुळया, मध्ये विटांची भरणी, चुन्याचा गिलावा, वर कौलारू छप्पर. उत्तम जपणूक झाली तर असे बांधकाम दीर्घकाळ टिकते. पण मुंबईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. ज्या घराची पन्हळ फुटली आहे, त्याचे आयुष्य प्रत्येक पावसाळ्यात कमी होत जाते.

१७/
लाकडी इमारत सहसा मधूनच मोडत नाही. तुळईचे टोक जिथे भिंतीत शिरते, तिथे ओल धरते. मोरीखालची फळी वर्षानुवर्षे भिजते. बाहेरून तुळई धडधाकट दिसते. भिंतीतल्या हातभर लांबीचा मात्र भुसा झालेला असतो. विटेचेही तसेच. भारतीय मानकानुसार साधी वीट स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकते. म्हणजे पावसाळ्यात भिंत अधिक जड होते आणि तिला धरून ठेवणारे लाकूड अधिक दुबळे. भार वाढण्याचा आणि आधार घटण्याचा काळ एकच.

१८/
या घरांची डागडुजी का थांबली? १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. युद्ध, फाळणी आणि घरटंचाई यांच्या काळात भाडेकरूला मिळालेले ते मोठे संरक्षण होते. पण महागाई वाढत गेली, भाडे गोठून राहिले आणि मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. भाडेकरूने स्वखर्चाने दुरुस्ती करावी, तर घर त्याच्या मालकीचे नाही. दोघांच्या मध्ये छप्पर गळत राहिले. एकामागून एक इमारती पडू लागल्या, तेव्हा १९६८ मध्ये बेडेकर समिती नेमली गेली.

१९/
समितीच्या कामानंतर १९६९ चा इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ कायदा आला. शहर विभागातील १९,६४२ इमारती उपकरप्राप्त ठरल्या. त्यांतील १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ गटातच १६,५०२ इमारती होत्या. ‘ब’ गटात १,४८९ आणि ‘क’ गटात १,६५१. रहिवाशांकडून उपकर घ्यायचा, सरकारने भर घालायची आणि मंडळाने दुरुस्ती करायची, अशी ही रचना. १९७७ मध्ये हे मंडळ नव्या म्हाडाचा भाग झाले. पुनर्विकासानंतरही आज अशा हजारो इमारती उभ्या आहेत.

२०/
येथून घरतपासणीचा दुसरा मोठा प्रयोग सुरू होतो : पावसाळापूर्व सर्वेक्षण. मंडळाचे अभियंते उन्हाळ्यात इमारती पाहतात आणि मे-जूनच्या सुमारास अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. २०२४ पर्यंत ही यादी लहान असे. अनेक वर्षांत तिच्यात वीसच्या आसपासच नावे होती. महापालिकेच्या कक्षेतील इमारतींना १८८८ च्या अधिनियमातील कलम ३५४ खाली नोटीस दिली जाते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२अ व सी-२ब म्हणजे मोठ्या दुरुस्तीची, अनुक्रमे रिकामी करून व न करता. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची.

२१/
पावसाळ्यापूर्वी पाहणी करण्यामागचा हेतू निर्विवाद योग्य आहे : संकट येण्याआधी माणसे बाहेर काढावीत. पण मे महिन्यातली भिंत कोरडी असते. ओलीचे डाग वाळून फिकट झालेले असतात. जिथे पाणी मुरते तिथे मागे राहतो तो पांढरट लोणा, आणि दिवाळीच्या रंगाखाली तोही झाकला गेलेला असतो. गळती कोणत्या कोपऱ्यात, पाणी कोणत्या मजल्यावरून उतरते, कोणता सज्जा पावसात थरथरतो, यांपैकी काहीही मेच्या दुपारी दिसत नाही. अभियंता घराचा कोरडा चेहरा पाहतो आणि ओल्या वर्तनाचा अंदाज बांधतो.

२२/
मग पाहणी पावसातच का करू नये? कारण पाऊस वेगळ्या गोष्टी लपवतो. छपरावर ताडपत्री चढलेली असते. तिच्याखाली काय आहे ते कळत नाही. शेवाळलेल्या गच्चीवर चढणे धोक्याचे, बांबूची परांची बांधणे कठीण. काँक्रीटच्या इमारतीत उपकरणेही ओलीने फसतात. पृष्ठभागावर आपटून कठीणपणा मोजणारा हातोडा ओल्या काँक्रीटवर प्रत्यक्षापेक्षा कमी अंक दाखवतो. ध्वनिलहरींचा वेग मोजणाऱ्या चाचणीत मात्र लहरी ओल्या काँक्रीटमधून अधिक वेगाने जातात आणि ते आहे त्यापेक्षा चांगले भासते. एकाच भिंतीविषयी दोन उपकरणे दोन दिशांना चुकतात.

२३/
तिसरी अडचण विलंबाची. पाऊस पडला आणि इमारत पडली, इतके हे सरळ नसते. पाणी भिंतीत मुरायला वेळ लागतो आणि निघायला त्याहून अधिक. नव्या काँक्रीटच्या इमारतीत समुद्राची खारी हवा आणि ओल आतल्या सळीला गंजवते. गंज सळीपेक्षा कित्येक पट जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. म्हणून हंगामाच्या उत्तरार्धात, कधी पाऊस ओसरल्यावरही, इमारती पडतात. २९ ऑगस्ट २०१७ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ३३१ मिमी पाऊस नोंदला गेला. हुसैनी इमारत ३१ तारखेच्या सकाळी पडली.

२४/
ती इमारत सुमारे ११७ वर्षांची होती आणि सरकारी यंत्रणेने तिला २०११ मध्येच धोकादायक ठरवले होते. म्हणजे तिच्या बाबतीत पाहणी चुकली नव्हती. चुकला होता तो पाहणीनंतरचा टप्पा. नोटीस येते ती जूनच्या तोंडावर. मुलांच्या शाळा उघडत असतात. संक्रमण शिबिर दूरच्या उपनगरात. रोजगार मात्र शेजारच्या बाजारात. शिबिरात दोन वर्षांसाठी गेलेली कुटुंबे दोन-दोन पिढ्या तिथेच राहिली, हे प्रत्येक चाळीला ठाऊक असते. भर पावसात घर सोडण्यापेक्षा ‘हा पावसाळा निभावून नेऊ’ हा निर्णय अडाण्याचा नसतो. अनुभवातून आलेला असतो.

२५/
बाबू गेनू मंडईची इमारत निराळा धडा शिकवते. ती महापालिकेच्याच मालकीची, काँक्रीटची आणि अवघी तीन दशकांच्या आसपास वयाची होती. जुन्या सागवानी चाळींकडे लागलेली नजर तिच्यावर रोखलेली नव्हती. केसरबाई इमारतीत तर दुर्घटनेनंतर वाद झाला तो पडलेला भाग मुळात उपकरप्राप्त होता की अनधिकृत, यावर. म्हाडा आणि महापालिका यांच्या याद्यांच्या मधल्या फटीत माणसे राहत होती. पाऊस मात्र अशा हद्दी पाळत नाही.

२६/
कायद्यानेही ऋतूची दखल घेतली आहे, पण दुसऱ्या अंगाने. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात राहती बांधकामे पाडू नयेत, असे राज्य शासनाचे २०२१ चे धोरण सांगते. भर पावसात कोणाला उघड्यावर आणू नये, हा त्यामागचा माणुसकीचा विचार. धोकादायक इमारतीच्या बाबतीत मात्र नेमके याच काळात लोकांना बाहेर काढावे लागते. एका घराला पावसाळा अभय देतो. दुसऱ्या घराला तोच सर्वांत धोक्याचा. तीस वर्षांहून जुन्या इमारतींसाठी संरचनात्मक परीक्षण सक्तीचे करणारे कलम ३५३-ब आले, त्यातही अट वयाची आहे, ऋतूची नाही.

२७/
दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की, साम्य स्पष्ट होते. १८९७ मध्ये तपासनीसाने उन्हाळ्यातील उताराला आपले यश मानले. आज मे महिन्यातील कोरडी भिंत पाहून इमारतीला आणखी एका वर्षाची मुदत मिळते. दोन्ही वेळा एका ऋतूत पाहिलेले सत्य सबंध वर्षासाठी लागू केले गेले. परळच्या आयोगाचे वेगळेपण इथेच आहे. त्याने महिनोन्महिने, ऋतूमागून ऋतू पिसवा मोजल्या आणि घर एकदा पाहण्याची नव्हे, तर पुन्हा पुन्हा पाहण्याची गोष्ट आहे हे दाखवले.

२८/
प्लेगच्या पथकांची आणखी एक चूक होती : घरात राहणाऱ्याला त्यांनी साक्षीदार न मानता संशयित मानले. मेलेले उंदीर आधी कोणाच्या माळ्यावर सापडले, हे रहिवाशांना ठाऊक असे. पण सैनिकाला भिऊन कोण बोलणार? आजच्या चाळीतही गळक्या पाण्याखाली बादली कुठे ठेवावी लागते, कोणते दार गेल्या श्रावणापासून चौकटीत बसत नाही, कोणत्या तुळईखाली टेकू दिला आहे, हे घरातल्या माणसांना तोंडपाठ असते. मे महिन्यात जे अभियंत्याला दिसू शकत नाही, ते त्यांना चार महिने दिसलेले असते.

२९/
मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख आता ८ ऑक्टोबर मानली जाते. त्यानंतरच्या काही आठवड्यांत भिंती अजून ओल्या असतात, डाग ताजे असतात, नव्या भेगांच्या कडा स्वच्छ असतात. छपरावर चढताही येते आणि रंगाचा हात अजून फिरलेला नसतो. दुरुस्तीसाठी किंवा घर रिकामे करण्यासाठी हातात पुढचे सात-आठ महिने असतात. शहराची अतिधोकादायक इमारतींची यादी मात्र जूनच्या तोंडावर जाहीर होते, आणि पहिला पाऊस साधारण ११ जूनला येतो.